कुंभाराचं गाढव

अण्णांना रात्री खोकल्याची उबळ आली की आई उठून तांब्या पुढं करायची. दोन घोट पिऊन अंधारातच अण्णा म्हणायचे, "राहू दे गं. याच खोकल्यानं वाचवलंय मला." खोकल्यानं माणूस वाचतो, हे लहानपणी मला पाढ्यांइतकं पक्कं ठाऊक होतं. त्यामागची हकीकत मात्र तुकड्यातुकड्यांनी कानावर आली, आणि सगळी सलग कळली तेव्हा मी कॉलेजात होतो.

1967 चा डिसेंबर. अण्णा तेव्हा पंचविशीचे, कोयना प्रकल्पावर ओव्हरसीअर. कोयनानगरच्या एका खोलीत दोघे सडेफटिंग राहत. दगडमातीच्या भिंती, वर कौलं, आत दोन खाटा. एक खाट खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला लागून. ती अण्णांची. दुसरी आतल्या बाजूला, सोबत्याची. सोबती मिरजेकडचा, नकाशांच्या ऑफिसात ट्रेसर. त्या आठवड्यात अण्णा हेळवाकच्या बाजूला नदीवर कपडे धुवायला गेले आणि ओल्या अंगानंच परत आले. छाती धरली. 10 तारखेच्या रात्री खिडकीच्या फटीतून वारा सुरीसारखा आत येत होता, खोकला काही केल्या थांबेना. अण्णांना झोप नाही, सोबत्यालाही नाही. शेवटी तो उठला, वळकटी काखेत मारली आणि म्हणाला, "तू ये बाबा इकडं, मी जातो तिकडं. मला तरी झोपू दे."

हे तो मायेनं म्हणाला की वैतागून, ते अण्णांना नीट आठवत नसे. कधी सांगताना मायेनं म्हणाला असं सांगत, कधी वैतागून.

पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. तीव्रता 6.3. त्या खोलीची बाहेरची भिंत खिडकीसकट आत पडली. छत खाली आलं, पण आतल्या भिंतीपाशी दोन वासे एकमेकांत अडकून राहिले आणि त्या तिढ्यात अण्णा. कपाळाला कौल लागलं त्याचा व्रण शेवटपर्यंत होता. सोबती गेला. त्या पहाटे कोयना खोऱ्यात दोनशेच्या आसपास माणसं गेली, त्यातला तो एक.

आमच्या घरात या घटनेची कारणं माणसागणिक वेगळी होती. आजीच्या लेखी पालीच्या खंडोबानं लेकाला हात दिला. अण्णांचं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं, तरी आई म्हणायची, "माझं कुंकू बळकट होतं." हाय स्कूलवर भूगोल शिकवणारे काका म्हणायचे, चुना-सिमेंट न घालता चिखलात दगड रचले की भिंत अशी पडायचीच, यात देवाचा काय संबंध? आणि अण्णांचं एकच, खोकला. जेवायला बसल्यावर हा विषय निघाला की चौघांचंही म्हणणं खरं वाटायचं आणि चौघंही एकमेकांना खोडून काढतायत असं दिसायचं. आजीला मी एकदा विचारलं होतं, "खंडोबानं अण्णांना हात दिला, मग त्या दुसऱ्याला का नाही दिला? त्याचं कुलदैवत झोपलं होतं?" आजीनं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "जेव मुकाट." देवाधर्मावरच्या चर्चेत मला मिळालेलं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर.

बी. ए.ला माझा एक विषय संस्कृत होता आणि नेमलेल्या पुस्तकांत अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह'. कारणाचे तीन प्रकार सांगताना सरांनी कापडाचं उदाहरण दिलं. धागे हे समवायी कारण. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी. विणकर आणि त्याचा धोटा हे निमित्त. हे सगळं परीक्षेपुरतं घोकून झालं. पण त्यापुढं सर जे बोलले ते डोक्यातून गेलं नाही. कारण म्हणजे काय हे सांगण्याआधी नैयायिक कारण काय नाही हे सांगून घेतात. मडकं घडायच्या आधी बऱ्याच गोष्टी हजर असतात, म्हणून त्या साऱ्याच मडक्याची कारणं होत नाहीत. त्यासाठी त्यांचा शब्द आहे 'अन्यथासिद्ध'. आणि त्यांच्या यादीत कोण कोण आहे? चाक फिरवणाऱ्या काठीचा रंग. सगळीकडं असणारं आकाश. कुंभाराचा बाप. आणि माती वाहून आणणारं गाढव.

बापाची गोष्ट मोठी गमतीची आहे. तो नसता तर कुंभार नसता, कुंभार नसता तर मडकं नसतं. तरीही तो मडक्याचं कारण नाही, कुंभाराचं आहे. असं कुठंतरी तोडलं नाही तर एका मडक्यासाठी अख्खी वंशावळ उपसावी लागेल. गाढवाचं त्याहून सरळ आहे. या गाढवानं नाही तर त्या गाढवानं, नाही तर डोक्यावरून, माती आलीच असती.

सुट्टीत घरी आलो तो हे हत्यार परजूनच. अण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. म्हटलं, "अण्णा, तुमचा खोकला म्हणजे कुंभाराचं गाढव. भिंत पडायची ती पडलीच असती, तुम्ही खोकला नाहीतर न खोकला."

अण्णांनी अडकित्ता थांबवला. "भिंतीच्या हिशेबानं गाढव," ते म्हणाले. "माझ्या हिशेबानं?"

मला उत्तर सुचलं नाही. आज एवढ्या वर्षांनी वाटतं, अण्णांनी त्या एका वाक्यात न्यायशास्त्राला जिथं चिमटा काढला, तिथंच या सगळ्या वादाची गाठ आहे. गाढव कोण हे मडकं कोणतं त्यावर ठरतं. 'भिंत का पडली?' हे मडकं धरलं तर खोकला गाढव. 'मी का उरलो?' हे मडकं धरलं तर खोकला थेट कुंभाराच्या जागी येऊन बसतो. विश्वात कार्यकारणभाव आहे की नाही, यावर माणसं हमरीतुमरीवर येतात तेव्हा बहुधा दोघांच्या चाकांवर वेगवेगळी मडकी फिरत असतात.

दक्षिण सुदानातल्या झांडे लोकांमध्ये राहून इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानं 1937 साली एक पुस्तक लिहिलं. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण मी वाचलं तेव्हा आमची खोलीच डोळ्यांपुढं आली. हे लोक उन्हाच्या वेळी कोठाराच्या सावलीला बसतात. कोठार खांबांवर उभं असतं, खांबांना वाळवी लागते, एखाद दिवशी कोठार बसलेल्या माणसांवर कोसळतं. झांडे म्हणतात, हे चेटूक. इव्हान्स-प्रिचर्डनं पाहिलं की वाळवीचं त्यांना पुरेपूर ठाऊक आहे. कोठार वाळवीनं पडलं हे ते नाकारत नाहीत. माणसं सावलीला बसली कारण ऊन होतं, हेही मान्य. त्यांचा सवाल एवढाच, की नेमकी हीच माणसं नेमक्या याच कोठाराखाली असताना ते नेमकं याच घटकेला का पडावं? वाळवीच्या साखळीत याचं उत्तर नाही. उन्हाच्या साखळीत नाही. दोन साखळ्या जिथं एकमेकींना छेदतात त्या बिंदूचं कारण ते मागतात. आपण तिथं हात वर करून 'योगायोग' म्हणतो. ते म्हणतात चेटूक. आजी म्हणायची खंडोबा.

आपल्याकडं याला फार जुनं नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी फळ गळतं. मराठीनं ताड काढून टाकला आणि फांदी आणली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गंमत अशी, की यात कुणीही बिनकारणाचं वागत नाही. कावळ्याला बसायला त्याचं कारण होतं, फांदीला मोडायला तिचं. बिनकारणाची आहे ती फक्त गाठ. एकोणिसाव्या शतकात कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं योगायोगाची व्याख्या केली ती अगदी हीच, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन कारणमालिकांचा छेद. त्याला आपला कावळा माहीत असायचं कारण नव्हतं.

पण आमच्या कावळ्यात एक भानगड आहे. अण्णा ज्या नदीत भिजले ती कोयना. आणि भूकंपामागंही कोयनेचंच पाणी आहे असं पुढं शास्त्रज्ञ म्हणू लागले.

अण्णांना हे पचायला फार जड गेलं. 103 मीटर उंचीचं धरण, त्याच्या काँक्रीटमध्ये त्यांचे घामाचे दोन-तीन पावसाळे गेलेले. दख्खनचं पठार म्हणजे बसका, कणखर, कोट्यवधी वर्षांचा निश्चल दगड, भूकंपाच्या नकाशावर जवळपास निर्धास्त मानलेला भाग, असं त्यांना शिकवलं होतं. 1962 च्या सुमाराला शिवाजीसागरात पाणी साठू लागलं आणि थोड्याच दिवसांत जमिनीतून गुडगुड ऐकू यायला लागली. लोक आधी म्हणाले सुरुंगाचे आवाज. मग भांडी वाजू लागली. मग ती पहाट. भूकंपानंतर नकाशा बदलला, कोयना झोन 4 मध्ये गेली.

"एवढ्याशा पाण्यानं डोंगर हलतो होय?" अण्णा म्हणत. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तळ्याच्या वजनानं 6.3 चा भूकंप होत नाही. झालं ते वेगळंच. खडकात जुन्या भेगा होत्या, त्यांच्या दोन्ही अंगांवर ताण केव्हाचा साचलेला होता, फक्त घर्षणानं त्या अडून बसल्या होत्या. तळ्याचं पाणी भेगांतून खाली झिरपत गेलं, आतला दाब वाढला, अडलेली अंगं जराशी सैल झाली. मोकळी झाली ती शक्ती पाण्याची नव्हती, खडकाचीच होती. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रँजली इथं तर 1969 नंतर संशोधकांनी तेलाच्या विहिरींत पाणी दाबून पाहिलं. दाब वाढवला की धक्के वाढत, दाब उतरवला की थांबत. नळ सोडावा-बंद करावा तसं. कार्यकारणाचा याहून रोकडा पुरावा मागायचा तरी कुठला?

अण्णांनी रँजलीचं काही वाचलं नव्हतं. त्यांनी कालनिर्णय घेतलं. बदलीनं आम्ही पाटणला होतो तेव्हापासून भिंतीवरच्या त्या चौकोनांत ते दोन नोंदी करत, पेपरात आलेली धरणाची पातळी, आणि घरात हादरा जाणवला तर एक बारीक 'ह'. आई त्याच चौकोनात दुधाचा हिशेब लिहायची. त्यामुळं आमच्या घरच्या काही महिन्यांत अर्धा लिटर, पाऊण लिटर, ह, अर्धा लिटर असं वाचायला मिळे. बऱ्याच वर्षांची कॅलेंडरं सुतळीनं बांधून माळ्यावर होती. एका दिवाळीत त्यांनी ती सगळी खाली काढली, दोन दिवस मांडी घालून बसले. तळं भरत आलं की आणि भरून झाल्यावर काही आठवड्यांनी 'ह' दाट होत होते. पुढं वारणेचं धरण भरलं तेव्हा धक्क्यांचा पट्टा तिकडंही सरकला. कॅलेंडरं परत बांधताना अण्णा एवढंच म्हणाले, "पाणी कारण नाही. निमित्त आहे."

हा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'निमित्ताला टेकणं' म्हणजे काय ते आपल्याला कळतं. पण तरीही अण्णा त्या दिवशी हरल्यासारखे दिसले, असं मला उगीच वाटत राहिलं. 2017 मध्ये त्याच भागात गोठण्याला शास्त्रज्ञांनी 3 किलोमीटर खोल छिद्र पाडलं. बेसॉल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये जाऊन भूकंप जिथं जन्मतो त्याच्या जवळ जायचा तो प्रयत्न. बातमी मी वाचून दाखवली. अण्णा तेव्हा पंचाहत्तरीचे. म्हणाले, "जाऊ देत खाली. आमच्या खोलीतली खिडकी काही तिथं सापडायची नाही."

भूकंप आणि कारण यांच्यावरून आपल्या देशात एक फार मोठ्या माणसांचा वाद झालेला आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. त्यांनी सांगून टाकलं, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेविरुद्धच होते, तरी त्यांना हे सोसलं नाही. भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात, त्यांना नीतीच्या दावणीला बांधू नका, असं त्यांनी लिहून पाठवलं. गांधीजींनी ते पत्र आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि उत्तरही दिलं, आपला विश्वास सोडला मात्र नाही.

मी टागोरांच्या बाजूचा आहे, यात शंका नको. पापाची शिक्षा म्हणावी तर पडलेल्या घरांत अस्पृश्यांची घरंही होती, त्यांनी कुणाला शिवायचं नाकारलं होतं? पण वय वाढलं तसं मला गांधीजींचं म्हणणं नुसतं धुडकावता येईनासं झालंय. त्यांची चूक कारण शोधण्यात नव्हती. 'आता मी काय करायचं?' या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं आणि ते त्यांनी 'हे कशानं झालं?' या प्रश्नाच्या रकान्यात भरलं. आपण सगळेच रकाना चुकवतो. आजी चुकवायची, आई चुकवायची, आणि अण्णांच्या त्या 'याच खोकल्यानं वाचवलंय'मध्येही कुठंतरी तेच होतं.

आता कुणी म्हणेल, गाठीलाही कारण आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. 1814 साली लाप्लासनं असा एक बुद्धिमंत कल्पिला, की ज्याला एका क्षणी विश्वातल्या कणन् कणाची जागा आणि गती माहीत आहे. त्याला खोकला, वळकटी आणि भिंत यांची गाठ सृष्टीच्या आरंभीच दिसली असती. हा बुद्धिमंत विसाव्या शतकात अडचणीत आला, आणि ज्या जागी आला ती जागा मला फार आवडते. आपल्या हाडामांसात पोटॅशियम असतं. त्यातला थोडा पोटॅशियम-40, किरणोत्सारी. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचे चार हजारांहून जास्त अणू दर सेकंदाला फुटतात, हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्याही अंगात कितीतरी फुटले. 125 कोटी वर्षांत त्यातले निम्मे फुटतील, हे पक्कं. पण आत्ता हाच का फुटला आणि शेजारचा का नाही, याला पुंज भौतिकीच्या प्रचलित समजुतीप्रमाणं कारणच नाही. माहीत नाही असं नव्हे, नाही. आइन्स्टाइनला हे कधीच रुचलं नाही. पण आत दडलेली साधी कारणं असतील ही आशा ज्या प्रयोगांनी जवळपास संपवली, त्यांना 2022 चं नोबेल मिळालं.

आणि या बारीक, अकारण फुटण्याचा आमच्या खोलीशी संबंध आहे. पृथ्वीच्या पोटातली निम्म्याच्या आसपास उष्णता अशाच अणूंच्या फुटण्यातून येते. त्या उष्णतेनं खालचं प्रावरण घुसळत राहतं, त्यावरून भारताचं भूपृष्ठ वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडं रेटलं जातं, हिमालयापाशी अडतं, तो ताण मागं दख्खनच्या दगडात येऊन साचतो. भिंतीपासून भेगेपर्यंत, भेगेपासून हिमालयापर्यंत, तिथून पाताळापर्यंत कारणाला कारण असं पकडत जावं, आणि तळाशी पोचल्यावर हाती यावं ते कारण नसलेलं टिकटिकणं.

हे मी एकदा मोठ्या उत्साहानं अण्णांना सांगितलं. 35 वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वरच्या ऑफिसातही फाईल नाही म्हण की."

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांचं कपाट आवरताना पार्ले बिस्किटांचा जुना चौकोनी डबा सापडला. आत मनीऑर्डरच्या पोचा, रबरबँड कुजून चिकटलेल्या. पहिली डिसेंबर 1968 ची, 20 रुपयांची. मग दर डिसेंबरला एक. रक्कम हळूहळू 50 वर गेलेली. घेणारीचं नाव बाईचं, पत्ता मिरजेजवळच्या एका खेड्याचा, आणि सहीच्या जागी दरवर्षी डाव्या हाताचा अंगठा. सुरुवातीचे ठसे ठसठशीत, पुढचे फिके होत गेलेले, शेवटच्या दोन-तीन पोचांवर तर नुसता शाईचा डाग. आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्या त्या सोबत्याची आई. मला ठाऊक होतं. बोलत नव्हते कधी."

घरात इतकी वर्षं खोकला, खंडोबा आणि कोयनेचं पाणी यांचा काथ्याकूट चालू होता, तेव्हा दर डिसेंबरला पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून अण्णा तो फॉर्म भरत होते. खालच्या कुपनावर मजकुरासाठी दोन ओळींची जागा असायची. तिथं काय लिहीत असतील ते कळायला मार्ग नाही, कारण कुपन घेणाऱ्याकडं जायचं. 1991 ची मनीऑर्डर तेवढी कुपनासकट परत आलेली. वर पोस्टमनच्या निळ्या अक्षरात 'घेणार मयत'. खालच्या कुपनावर अण्णांचं वळणदार ओव्हरसीअरी अक्षर, "आई, थंडी फार आहे. खिडकीकडं झोपू नका."

परत आलेले 50 रुपये त्याच डब्यात होते, घडी न मोडता.